लिफ्टमधला आवाज

४ मार्च

चि. ठोक्यास,

आशीर्वाद, आणि पत्राच्या सुरुवातीला जे काही लिहितात ते सगळं लिहिलंय असं समज, कारण माझं डोकं ठिकाणावर नाही. माझा आवाज गेला. हो, दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गेला तेव्हा डॉक्टरांनी निदान आधी सांगितलं तरी होतं.

माझी ती पाटी तुला माहीत आहे. गळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी तिच्यावर अक्षरं दाबते आणि ती माझ्या आवाजात बोलते. मागे तू आलास तेव्हा तिने तुला "मेल्या, चपला बाहेर काढ" म्हणून सुनावलं होतं आणि तू दचकून खरंच मागे फिरला होतास. तीच. काल सकाळी चहा ओतला आणि यांना हाक मारायला पाटी उचलली, तर पडद्यावर लाल चौकट. "हक्कभंगाच्या तक्रारीमुळे हा आवाज थांबवण्यात आला आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." खाली एक बटण होतं, "समजले". दुसरं बटणच नाही, म्हणजे न समजण्याची सोय नाही. ते दाबलं, तर पाटी एका कोवळ्या पोरीच्या आवाजात म्हणाली, "अहो, चहा झालाय." त्या आवाजाचं नाव "स्वर तीन". फुकट मिळतो.

हे पलंगावर उठून बसले आणि म्हणाले, "कोण आलंय?"

मी त्यांचा हात धरला. तळहातावर बोट एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही, ही आमची जुनी खूण. पण "कोण आलंय" याचं उत्तर हो-नाहीत कसं देणार? तू जाणतोस, यांचे डोळे गेले त्याला किती काळ झाला. टेलिफोन एक्स्चेंजवर सबंध नोकरी काढलेला माणूस. आवाजावरून माणूस ओळखायचं हाच धंदा. पहिल्यांदा फोनवर माझा आवाज ऐकला आणि मला न बघताच पसंत केलं, हे अजून कौतुकाने सांगतात. आता अधूनमधून माझं ऑपरेशनच विसरतात. इतके दिवस त्याचं काही अडलं नाही, कारण पाटी बोलत होती. माझा आवाज घरात होता म्हणजे मी घरात होते. आता बघणं यांच्याकडून नाही आणि बोलणं माझ्याकडून नाही. ठोक्या, या माणसाला मी घरात आहे हे कसं कळवायचं?

तू यंत्रांतला माणूस. काहीतरी कर. मोबाइलवर उत्तर टंकत बसू नकोस, तुझ्या त्या जाड बोटांनी मागच्या वेळी मला "वेडी" असं गेलं होतं. कागदावरच लिही. मलाही पडद्यांचा वीट आलाय.

तुझी ताई

९ मार्च

ताई,

नमस्कार, आणि ते "वेडी" चुकून गेलं नव्हतं.

आता ऐक. घाबरायचं कारण नाही. दुकानात रोज एकेक शिलाई मशीन येतं, बाई रडकुंडीला आलेली असते, "दादा, हे कायमचं गेलं." उघडलं की आत धाग्याचा गुंता नाहीतर मोडलेली सुई. कायमचं काही जात नसतं. तुझं त्या कंपनीच्या हिशेबात काहीतरी अडकलंय, एवढंच. फोन करून गुंता सोडवतो म्हटलं आणि सोमवारी दुकान अर्धं बंद ठेवून बसलो.

आधी एक संगीत ऐकवलं. मग एका यंत्राने विचारलं, खातेदार बोलताय का? म्हटलं, भाऊ बोलतोय. यंत्र म्हणालं, सुरक्षेसाठी खातेदाराने स्वतःच्या आवाजात आपलं नाव सांगावं. म्हटलं, अगं बाई, तिला आवाज नाही म्हणून तर तुझ्याकडे खातं काढलंय! यंत्र म्हणालं, "क्षमस्व, आवाज जुळला नाही." मी पुन्हा फोन केला. तिसऱ्या वेळी बारीक आवाज काढून तुझं नाव घेतलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं ते पोट धरून हसलं. जुळला नाही तो नाहीच.

मला दोन गोष्टी कळव. एक म्हणजे तक्रार कुणी केली ते त्या लाल चौकटीत कुठे बारीक अक्षरात आहे का बघ. दुसरं, तुझ्या त्या आवाजातली वाक्यं तू कुठे उतरवून ठेवली आहेस का? दहा-वीस असली तरी चालतील. असतील तर मी ती कशावरही वाजवून देतो.

भाऊजींना म्हणावं, मेहुणा कामाला लागलाय.

ठोक्या

१७ मार्च

चि. ठोक्यास, आशीर्वाद.

उतरवून ठेवली आहेत का म्हणून विचारतोस. अरे, ठेवायला निघाले होते की. पाटीवर "जतन करा" असं बटण आहे. ते दाबलं की म्हणायची, या सोयीसाठी जादा पैसे भरून वरचा वर्ग घ्या. तो घेतला. मग म्हणाली, या आवाजाची प्रत काढण्यास परवानगी नाही. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, पाटी बोलत असताना तिच्यातच रेकॉर्डिंग लावून ठेवा. लावलं, तर पाटी मूग गिळून गप्प. रेकॉर्डिंग बंद केलं की पुन्हा बोलते. इतकी शहाणी. दुसरा फोन शेजारी धरून उतरवता आलं असतं हे आता सुचतंय. पण रोज नळाला पाणी येतं म्हणून कुणी घरात विहीर खणतं का रे?

तक्रार कुणाची ते सापडलं. धरून बस. लिफ्टची.

मी लिफ्ट कंपनीत फोनवर बसायचे तेव्हा साहेबांनी एका दुपारी मला गाद्या लावलेल्या खोलीत नेऊन वाक्यं म्हणवून घेतली होती, आठवतं? "दरवाजा बंद होत आहे." "कृपया मागे सरका." त्या वेळी तू जिथे लिफ्ट दिसेल तिथे घुसून "ही माझी ताई" म्हणून लोकांना सांगत फिरायचास. ती कंपनी पुढे कुणी विकत घेतली, आणि त्यांच्या सगळ्या जुन्या ध्वनिफिती आता एका आवाज भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मालकीच्या आहेत. तिचं एक यंत्र दिवसभर नेटवर कान लावून फिरतं, आपला आवाज कोण चोरतंय ते बघायला. त्याला मी सापडले.

सापडणारच. ऑपरेशनच्या आधी पाटीला आवाजाचा नमुना द्यायचा होता, तर माझा घसा आधीच फाटलेला. बोलले की करवत चालल्यासारखं. मी म्हटलं, यांच्या कानावर जन्मभर ही करवत कशाला? निवृत्तीच्या वेळी साहेबांनी माझ्याच वाक्यांची ती फीत भेट म्हणून दिली होती, ती दिली पाटीला. वर फॉर्मवर खूण केली, "हा आवाज माझा स्वतःचा आहे." खोटं होतं का ते? तूच सांग.

पाटीवाल्यांच्या गप्पांच्या खिडकीत "सहायक" म्हणून कुणीतरी बसलेलं असतं. त्याला मी लिहिलं की ती लिफ्टमधली बाई मीच आहे. तो म्हणाला, "आपली अडचण आम्ही समजू शकतो. आवाजाच्या मालकाकडून लेखी परवानगी आणा." मी लिहिलं, मालक मी आहे. तो म्हणाला, "आनंद झाला! आणखी काही मदत हवी आहे का?"

यांचं विचारशील तर, त्या पोरीच्या आवाजाला हे फार लाजतात. अंघोळीला उठायला तयार नाहीत. "मुली, तू बाहेर जा, हिला पाठव," म्हणतात. मी पाटी बंद करते आणि नुसता हात धरून नेते. मग मोरीत स्टुलावर बसून विचारतात, "अगं, घरात परकी मुलगी कशाला ठेवलीस? आणि तू बोलत का नाहीस? रागावलीस का?" मी दोनदा बोट दाबते. नाही, नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारतात.

वकील गाठ.

ताई

२८ मार्च

ताई, नमस्कार.

वकील गाठला. बाई आहेत, माणूस चांगला. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं ऑफिस आहे, त्यांच्या सासूबाईंचं मशीन माझ्याकडेच असतं. तू पाठवलेला लिफ्ट कंपनीचा करार त्यांनी दोनदा वाचला. म्हणाल्या, बघू. वेळ लागेल म्हणाल्या. अशी कामं एका दिवसात होत नसतात. तू धीर धर. काम चालू आहे.

मधल्या वेळात माझ्या डोक्यात माझ्या लग्नाची कॅसेट आली. तिच्यात तू फोटोवाल्याला झापतेस ते अख्खं आहे, चांगलं लांबलचक. म्हटलं, तेवढं जरी भाऊजींच्या कानावर घातलं तरी त्यांच्या जिवात जीव येईल. तर लेक म्हणाली, बाबा, ती मी केव्हाच नेटवर चढवली, कायम राहावी म्हणून. कॅसेटला बुरशी आली होती, टाकून दिली. बरं म्हटलं, दाखव. लावली. चित्र उत्तम, आवाज शून्य. खाली लिहिलेलं, यातील संगीताच्या हक्कांमुळे ध्वनी काढून टाकण्यात आला आहे. मांडवात लाउडस्पीकरवर कुठलंसं गाणं चालू होतं, त्याच्या मालकाने हक्क सांगितला आणि गाण्याबरोबर सगळं लग्न मुकं केलं. तुझं तोंड हलतंय, बोट फोटोवाल्याच्या नाकासमोर नाचतंय, तो मान खाली घालून उभा. काय म्हणत होतीस ते मला पाठ आहे, पण माझ्या तोंडून ऐकवून काय उपयोग?

मी ते तीन-चारदा बघितलं. मग दुकानात गेलो.

मशीन असतं तर उघडलं असतं गं. हे कुठे उघडायचं तेच कळत नाही. स्क्रूच दिसत नाही कुठे.

वकीलबाईंचं काम चालू आहे. काळजी करू नकोस.

ठोक्या

६ एप्रिल

चि. ठोक्यास,

आशीर्वाद. तुझ्या पत्राने उभारी आली. वकीलबाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, सावकाश करा पण नक्की करा. यांनाही मी तसंच कळवलं. म्हणजे, हे म्हणाले, "तुझा आवाज परत येणार आहे का?" तशी आज जरा शुद्ध होती. मी एकदा बोट दाबलं. हो. चेहरा असा काही फुलला म्हणतोस! तेव्हा आता माघार घेऊ नकोस बाबा, मी शब्द देऊन बसले आहे.

आणखी एक गंमत झाली. यांच्या रक्ताच्या तपासणीसाठी नेहमीच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, पण ते रजेवर, म्हणून त्यांनी दुसऱ्यांचा पत्ता दिला. पाच मजली जुनी इमारत, खाली औषधाचं दुकान, जिन्यात अंधार. लिफ्ट आली. आम्ही आत शिरलो. आणि डोक्यावरून मी म्हणाले, "दरवाजा बंद होत आहे."

माझ्याच अंगावर काटा आला. पंचविशीतली मी. काय तो तोरा!

हे ताठ उभे राहिले. म्हणाले, "अगं! इथे आहेस होय? मी घरभर शोधतोय!" मी म्हणाले, "कृपया मागे सरका." हे मागे सरकले रे. आणि हसले. "हिचा हुकूम बघा," म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर उतरायचं होतं, पण मी काही उतरू दिलं नाही. वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. पाचव्या मजल्यावरचे एक गृहस्थ वैतागून जिन्याने गेले. शेवटी वॉचमन आला, "आजी, ही काय खेळण्यातली गाडी आहे का?" मला काही बोलता येत नव्हतं, तो सुटला.

डॉक्टरांची वेळ चुकली ती चुकलीच. पण येताना हे गुणगुणत होते.

ताई

१५ एप्रिल

ताई!

तू लिहिलंस आणि माझी ट्यूब पेटली. लिफ्ट! अगं, तू गावभर लोंबकळत असताना आपण कुठे कुठे हिंडत बसलोय? इथेही त्या कंपनीच्या दोन-तीन लिफ्ट शिल्लक आहेत. मी जुना टेपरेकॉर्डर पिशवीत घातला आणि निघालो. एका बँकेत, एका लॉजमध्ये, आणि एका कपड्यांच्या मार्केटात. बँकेच्या शिपायाने विचारलं, काका, पिशवीत काय? म्हटलं, ताई. तो बाजूला झाला.

सोबतच्या पार्सलात एक खोका आहे. मशीनच्या खणाचं लाकूड वापरलंय, वरचं वार्निश घरचं. बटणं कोटाची आहेत, हाताला जाणवतील अशी मोठी. प्रत्येक बटणाखाली तुझं एक वाक्य. दरवाजा उघडत आहे, दरवाजा बंद होत आहे, कृपया मागे सरका, कृपया थांबा, वजन जास्त झाले आहे, घाबरू नका मदत येत आहे, आणि मजल्यांची नावं तळमजल्यापासून वर. "धन्यवाद" एकच सापडलं, लॉजमध्ये, त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोकतंय. ते काढता आलं नाही.

हे नेटवर नाही, कुणाच्या परवानगीवर नाही. यात लाल चौकट येणार नाही. बिघडलं तर मागचे चार स्क्रू काढ, आत सगळं दिसतं.

भाऊजींना पहिल्यांदा काय म्हणालीस ते कळव.

ठोक्या

२ मे

चि. ठोक्यास, आशीर्वाद.

उशीर झाला, रागावू नकोस. खोका आला, फार सुबक केलायस. मास्तरीणबाईंनी तर हातात घेऊन बघितला.

पहिले चार दिवस घरात नुसता आनंद होता. सकाळी खिडकीचा पडदा सारताना "दरवाजा उघडत आहे". दाढी करताना हे मान पुढे काढतात, तेव्हा "कृपया मागे सरका". एकदा तिसरी पोळी मागितली तर मी "वजन जास्त झाले आहे" दाबलं, आणि हे इतके हसले की पाणी पाजावं लागलं. "ही पहिल्यापासून अशीच," म्हणाले, "फोनवरसुद्धा सुनावायची." खोकणाऱ्या माणसासकट "धन्यवाद" दिलं तर म्हणाले, "मागे कोण खोकतंय, ऑफिसात आहेस का?" ठोक्या, तुझे हात धरून नाचावंसं वाटत होतं.

पाचव्या दिवशी हे खुर्चीतून उठेनात. जेवायला चला म्हणून हात ओढला तर म्हणाले, "मजला आलेला नाही अजून." मी हसले. मग बघते तर चेहऱ्यावर थट्टा नव्हती. एका हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरलेला. मला सुचेना, मी "तळमजला" दाबलं. लगेच उठले. पाय जपून पुढे टाकला, उंबरा ओलांडावा तसा.

आता रोज असंच. घरात राहतोय असं यांना वाटतच नाही. आपण कुठल्या तरी लिफ्टमध्ये अडकलोय, मी बाहेरून सूचना देतेय, आणि कुणीतरी सोडवायला येईल, असं काहीतरी डोक्यात बसलंय. काल सबंध दुपार विचारत होते, "अगं, घरी कधी येणार तू?" मी खोका मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्या बटणांवरून हात फिरवला. "मी इथेच आहे" असं एक बटण नाही रे. असणार कसं? लिफ्टला असं कशाला कोण म्हणायला लावेल? शेवटी "घाबरू नका, मदत येत आहे" दाबलं. तर म्हणाले, "मदत नको. तू ये."

मी खोका कपाटात ठेवला. तुझी चूक नाही, मनाला लावून घेऊ नकोस.

मला माझी पाटी हवी, स्वतःचं वाक्य स्वतः बोलणारी. वकीलबाईंचं काय झालं? महिना उलटला, मागच्या पत्रात तू त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. आता सरळ काय ते लिही.

ताई

१० मे

ताई,

सरळ लिहितो.

वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी हात टेकले होते. करारातली एक ओळ त्यांनी मला बोट ठेवून दाखवली. आत्ता असलेल्या आणि पुढे निघणाऱ्या सर्व यंत्रांवर, सर्व काळासाठी. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंचा गळा ताईंचा होता, पण ही वाक्यं आणि त्यांतून जो आवाज बनवला तो त्यांचा नाही. लढायचं तर लढू, पण निकाल लागेपर्यंत तुमचे भाऊजी ऐकायला असतील का ते मी सांगू शकत नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. तुला लिहायला धीर होईना. तू भाऊजींना हो म्हणून सांगून बसलीस, मग तर अजिबातच होईना.

तरी मी स्वस्थ बसलो नाही. त्या आवाज भाड्याने देणाऱ्या कंपनीलाच लिहिलं. उत्तर आलं, फार गोड. हा आवाज ते भाड्याने द्यायला तयार आहेत. दुकानांना, बँकांना, पार्किंगला. वाक्यं आधी मंजूर करून घ्यावी लागतात. खाजगी संभाषणासाठी देत नाहीत, त्याने आवाजाची किंमत उतरते म्हणे. शेवटी लिहिलंय, आमच्या आवाजाबद्दल आपुलकी दाखवल्याबद्दल आभार.

मग पाटीवाल्यांना लिहिलं की त्या फितीतला नमुना काढून टाका, त्याऐवजी ताईचा फाटका आवाजही चालेल. तर ते म्हणतात, नवा आवाज करायचा तर खातेदाराने नव्याने बोलून दाखवावं.

आता माझ्याकडे काही उरलं नाही गं. लहानपणापासून तुझ्या मोडलेल्या वस्तू दुरुस्त करत आलो. पट्टी, घड्याळ, सायकलची घंटी. हे जमलं नाही. मला फार वाईट वाटतंय, आणि खोटं लिहिलं त्याचं त्याहून जास्त.

मी येऊ का? दुकान बंद ठेवतो. भाऊजी माझा आवाज ओळखतील. मी तुझ्या बाजूने बोलेन.

ठोक्या

३० मे

चि. ठोक्यास,

आशीर्वाद. रागावलेली नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तुझ्याइतकं चांगलं खोटं मला लिहिता आलं नसतं.

तू येऊन जा, पण माझ्या बाजूने बोलायला नको. मास्तरीणबाई एकदा बोलल्या. "आजोबा, या तुमच्या मिसेस, इथेच तुमच्याजवळ बसल्या आहेत." यांनी मान हलवली, सभ्यपणे, अनोळखी माणसाशी ओळख करून दिल्यावर हलवतात तशी. मला नमस्कार केला. मला रडू आलं, पण माझं रडणंही आता ऐकू येत नाही.

मी यांना रोज सकाळी त्या डॉक्टरांच्या इमारतीत नेते. वॉचमन आता ओरडत नाही. मास्तरीणबाईंनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्याने लिफ्टसमोर एक खुर्ची टाकून दिली आहे. हे तिथे बसतात, मी शेजारी उभी राहते, बटण दाबते. दरवाजा उघडतो, मी वरून बोलते. गर्दीच्या वेळी लोकच ये-जा करतात, मला बटणसुद्धा दाबावं लागत नाही. हे बोलत असतात, पाय दुखतात ते, एक्स्चेंजमधल्या कुणाचं ते. मध्येच म्हणतात, "बरं, बरं, आधी त्यांना सोडून ये." आणि थांबतात. लिफ्ट खाली येऊन पुन्हा बोलली की राहिलेलं पुढे सांगतात. आमच्या सबंध संसारात माझं इतकं ऐकून घेतलं नव्हतं.

इमारतीच्या फळ्यावर कागद लागलाय. ही लिफ्ट काढणार, नवी बसवणार. नव्या लिफ्टला आवाज नाही, नुसती घंटी आहे. वॉचमनने विचारून बघितलं, जुना आवाज नव्या लिफ्टमध्ये घालता येईल का. मी त्याच्याकडे बघून हसले. तो बिचारा म्हणाला, "का, सोपं असेल की."

यांना ते सांगितलेलं नाही. सांगू कशी आणि कशाला.

काल मात्र यांनी लिफ्टला माझ्याबद्दल सांगितलं. म्हणाले, "आपल्याकडे एक बाई ठेवली आहे. मुकी आहे, पण फार करते हो माझं. हात तर अगदी तुझ्यासारखा. तू आलीस की तिला आपण काहीतरी चांगलं देऊ." वरून मी म्हणाले, "दरवाजा बंद होत आहे." हे म्हणाले, "हो, हो, ये जाऊन."

मग घरी निघालो. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबलो होतो. यांनी माझा हात जरा दाबला आणि, आपण विचारून बाईला त्रास तर देत नाही ना अशा आवाजात विचारलं, "बाई, तुम्हाला घरी कुणी आहे का?"

मी त्यांच्या तळहातावर बोट एकदा दाबलं.

तुझी ताई